सरमेचा प्रश्न

"देवानं दिलेला जीव आहे, डॉक्टर. त्याचा वंश कुणाबरोबर वाढवायचा, हे आपण कागद बघून ठरवायचं? तेवढा अधिकार आहे का आपल्याला?"

ओवे गावातल्या एका आजींनी मला हे विचारलं. त्यांच्या नातवाने जुई नावाची कॉली कुत्री पाळली आहे. लांब केस, निमुळतं तोंड, मूळची स्कॉटलंडच्या मेंढपाळांची जात. आपल्याकडे ती आता क्वचितच दिसते, आणि तिची आखूड केसांची बहीण, स्मूथ कॉली, खुद्द ब्रिटनच्या केनेल क्लबने धोक्यात आलेल्या तिथल्या जातींच्या यादीत घातली आहे. जुईसाठी पुण्यात नर मिळाला होता. जोडी लावण्याआधी नातवाने दोघांच्या गालाच्या आतून ब्रश फिरवून नमुने तपासायला पाठवले. जुईचा अहवाल आला: एमडीआर-१ या जनुकाची एक प्रत चांगली, एक बिघडलेली. आजींच्या हातात तोच कागद होता.

मी पदवीचा डॉक्टर नव्हे. जिल्हा परिषदेच्या दवाखान्यांत पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली, आणि गावात जनावराला सुई देणाऱ्याला सगळे डॉक्टरच म्हणतात. गळ्यात तुळशीची माळही आहे. त्यामुळे हा प्रश्न मला दोन्हीकडून भिडला. तो अडाणीपणाचा म्हणून बाजूला सारण्यासारखा नाही. आजींनी विचारलं ते धर्माच्या मुळाशी जाणारं आहे.

आधी त्या जनुकाचं काम सांगतो. मेंदूत शिरू पाहणारी काही औषधं परत रक्तात ढकलणारं एक प्रथिन शरीरात असतं, ते हे जनुक बनवतं. जनुकाच्या दोन्ही प्रती बिघडलेल्या असल्या की राखणदारच उरत नाही. मग गोचिडी, खरूज, जंत यांसाठी आपण सर्रास वापरतो ते आयव्हरमेक्टिन मोठ्या मात्रेत दिलं, तर कुत्रा झोकांड्या खातो, लाळ गाळतो, डोळ्यांनी दिसेनासं होतं, बेशुद्ध पडतो, पुष्कळदा मरतो. मेंढरांना हे औषध पाजलं आणि राखणीच्या कुत्र्याने त्यांच्या लेंड्या खाल्ल्या, तरी विषबाधा होऊ शकते. कॉलींना हे औषध बाधतं हे १९८० च्या दशकातच लक्षात आलं होतं. त्याचं कारण वॉशिंग्टन स्टेट युनिव्हर्सिटीतल्या कॅटरिना मीली आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००१ मध्ये शोधलं: जनुकातली फक्त चार अक्षरं गळालेली. एकच प्रत बिघडलेली असेल तर जनावर सहसा धडधाकट राहतं. काही औषधांची मात्रा तेवढी जपावी लागते. अशा जनावराला वाहक म्हणतात.

आता आजींच्या प्रश्नाकडे येतो. महाभारताच्या शेवटी युधिष्ठिर कुत्र्याला सोडून स्वर्गाच्या रथात चढायला नकार देतो, ही गोष्ट आपल्याकडे सर्वांना माहीत असते. त्याच ग्रंथाच्या आरंभी कुत्र्याची आणखी एक गोष्ट आहे, ती फारसं कुणी सांगत नाही. राजा जनमेजय कुरुक्षेत्रावर भावांसह दीर्घ यज्ञसत्र करत असतो. तिथे सरमेचं पिल्लू येतं. भाऊ त्याला मारतात. ते रडत आईकडे जातं आणि सांगतं की मी हविर्द्रव्याकडे पाहिलंही नाही, चाटलंही नाही. ही सरमा म्हणजे देवांची कुत्री. पणींनी पळवलेल्या गाई शोधून काढणारी म्हणून ऋग्वेदात येते, तीच. गुरं राखणाऱ्या साऱ्या कुत्र्यांची तिला मी आद्य माउली मानतो. ती सत्रात जाऊन उभी राहते आणि विचारते, माझ्या लेकराने काहीच केलं नव्हतं, मग त्याला का मारलंत? कुणीही उत्तर देत नाही. मग ती शाप देते.

सरमेला तिथे सहज सांगता आलं असतं की तुझ्या पिल्लाचं पूर्वजन्मीचं काही असेल. व्यासांनी ते उत्तर कुणाच्याही तोंडी घातलेलं नाही. कर्माचा सिद्धान्त मी मानतो. पण माझं दुःख सोसताना तो मला आधार देतो, तेवढ्यावरून दुसऱ्याला दुःख देताना तो माझी ढाल होत नाही. मारणारा समोर उभा असताना मार खाणाऱ्याचं संचित शोधत बसणं हा अधर्म आहे. दोन वाहक कुत्रे जाणूनबुजून एकत्र आणले, तर प्रत्येक पिल्लाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळण्याची शक्यता चारात एक असते. त्या पिल्लाने काय चाटलं होतं?

आजी म्हणाल्या, मग देवावर सोडावं. देवावर सोडलेले कुत्रे ओव्यात आहेतच. गावठाणात, तळोजा जेलच्या रस्त्याला, खारघरच्या नव्या इमारतींच्या फाटकांशी. त्यांच्या जोड्या त्यांची ती जमवतात. भातकापणी झाली की घाटावरचे धनगर मेंढरं घेऊन कोकणात उतरत, शेतात खतासाठी मेंढरं बसवत. त्यांच्या वाड्यावरचे कुत्रेही असेच मोकळे. राखणीला निकामी कुत्रा तिथे फार टिकत नाही. ती निवड कठोर असते, पण तीत कुणा एका माणसाची हौस नसते. जुईचं तसं नाही. तिच्या गळ्यात पट्टा आहे, पट्ट्याचं टोक नातवाच्या हातात आहे, नर पुण्याहून गाडीत बसून येणार आहे. इतकं सगळं ठरवून झाल्यावर उरलेला एक कागद न वाचणं, याला देवावर सोडणं म्हणता येत नाही. निवड माणसाने केलेलीच आहे. डोळे उघडे ठेवून करायची की मिटून, एवढाच प्रश्न शिल्लक राहतो.

शिवाय हा दोष देवाने दिला असं तरी कसं म्हणावं? २००४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या संशोधनात नऊ जातींमध्ये हाच बिघाड सापडला आणि तो सगळ्यांत एकाच जुन्या पूर्वजाकडून आला असल्याचं दिसलं. तो कुत्रा ब्रिटनमध्ये, या जातींच्या नोंदवह्या सुरू होण्याआधी होऊन गेला. पुढे माणसांनी ठरावीक रूपाचे मोजके कुत्रे निवडून त्यांच्यातच जोड्या लावल्या, आणि त्याचा तो बिघाड घराघरांत पोचला. आज अमेरिकेतल्या कॉलींपैकी सुमारे ७० टक्क्यांत त्याची निदान एक प्रत आहे. निसर्गाने एकदा केलेली चूक आपल्या आवडीनिवडीने इतकी पसरवली आहे.

इथे मात्र तपासणीवाल्यांनाही एक गोष्ट ऐकवायला हवी. नातू म्हणाला, मग जुईला पिल्लं नकोतच, दोष मुळापासून संपवू. हेही चूक. ७० टक्के बाद केले तर जात उरेल कशी? जे थोडे राहतील ते एकमेकांचे जवळचे नातलग, आणि त्यांच्यात दडलेले दुसरे रोग वर येतील. आफ्रिकेतल्या बसेंजी जातीत हे घडून गेलं आहे. रक्ताच्या एका आजारासाठी तपासणी करून वाहक सरसकट बाहेर काढले, आणि उरलेल्यांत मूत्रपिंडाचा एक आजार बळावला. शुद्धतेचा हट्ट जिवावर उठतो, हे आपल्या समाजाला कुत्र्यांकडून शिकायची गरज नव्हती. सोवळ्याच्या नावाखाली माणसांना दूर ठेवण्याचा आपला इतिहास केवढा मोठा आहे. जुई वाहक आहे म्हणजे विटाळलेली नाही. तिला नर मात्र दोन्ही प्रती चांगल्या असलेला हवा. मग एकाही पिल्लाला दोन्ही बिघडलेल्या प्रती मिळणार नाहीत, साधारण निम्मी वाहक होतील, आणि त्यांच्याही जोड्या पुढे अशाच जपून लावता येतील.

आपल्या मातीत जनुकांचा असा शहाणा उपयोग झालेलाही आहे. फलटणच्या निंबकर कृषी संशोधन संस्थेने बंगालच्या गॅरोल मेंढीतलं जुळी कोकरं देणारं जनुक दख्खनी मेंढीत आणलं आणि कोणत्या मेंढीत ते उतरलं हे रक्त तपासून पाहिलं. ते वाण धनगरांच्या कळपांतही गेलं. खंडोबाला भंडारा वाहणाऱ्या, त्याच्या पायाशी कुत्र्याला जागा देणाऱ्या माणसांना त्यात देवाचा अपमान दिसला नाही.

एक अडचण उरतेच, आणि ती मला सुटलेली नाही. ओवे कॅम्पच्या रस्त्यावर टाटा मेमोरियल सेंटरची ॲक्ट्रेक ही संस्था आहे. घराण्यात कर्करोग असलेली माणसं तिथे येऊन आपली जनुकं तपासून घेतात. त्यांना आधी सगळं समजावून सांगतात, आणि त्यांना नको म्हणता येतं. लग्न करावं का, मूल होऊ द्यावं का, हे शेवटी त्यांचं तीच ठरवतात. जुईला कुणी विचारलं? तिला पिल्लं हवी आहेत का, हाच नर हवा आहे का, हे ती सांगू शकत नाही. ब्राह्मण, गाय, हत्ती आणि कुत्रा यांच्याकडे ज्ञानी माणूस समदृष्टीने पाहतो, असं गीतेच्या पाचव्या अध्यायात म्हटलं आहे. ती समदृष्टी खरी मानायची तर जुईच्या देहावर आपण चालवतो ती सत्ता मनाला बोचलीच पाहिजे. बोचणी मिटवायला माझ्याकडे शास्त्र नाही आणि श्रद्धाही नाही. मला एवढंच कळतं की आपल्या आश्रयाला आलेल्याला सोडायचं नाही, हा युधिष्ठिराचा धर्म कुत्रीपाशी संपत नाही. तिच्या पोटातली पिल्लंही त्या आश्रयात येतात. ज्याला बोलता येत नाही त्याच्या वतीने निर्णय घेणाऱ्याने निदान कळण्यासारखं सगळं कळून घ्यावं.

पुण्याच्या नराचा अहवालही आला. तोही वाहक निघाला. नातवाने ती जोडी रद्द केली आणि आता दोन्ही प्रती चांगल्या असलेला नर शोधतो आहे. कागदावरचा हिशोब समजावून दिल्यावर आजींनी एकच विचारलं: पिल्लांचे डोळे कधी तपासायचे? कारण कॉलींमध्ये डोळ्यांचा एक आनुवंशिक दोषही फार आढळतो. तो पिल्लू सहा ते आठ आठवड्यांचं असताना पाहावा लागतो, पुढे सौम्य खुणा झाकल्या जातात. २०१७ च्या केंद्रीय नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही, तेव्हा तपासायला वेळ मिळतो.

तुम्ही मेंढपाळी जातीचं पिल्लू घेणार असाल, मग ते कॉली असो, शेटलँड असो की ऑस्ट्रेलियन शेफर्ड, तर आधी त्याच्या आई-बाप दोघांचे अहवाल मागा. ते नसतील तर पिल्लू घेऊ नका. आणि घरात असं कुत्रं आधीच असेल, तर गोचिडीची सुई टोचून घेण्यापूर्वी डॉक्टरांना त्याची जात सांगा.