साथीचे कारण कोणते?

डिसेंबर 1905 ते जुलै 1906 या काळात मुंबईत प्लेगने झालेल्या मृत्यूंचे आठवडावार आकडे केर्मॅक आणि मॅकेंड्रिक या संशोधकांनी 1927 साली साथीच्या प्रसाराच्या आपल्या समीकरणाशी ताडून पाहिले. मेळ चांगला बसला. पण त्या समीकरणातले शहर घुसळून एकजीव केलेल्या ताकासारखे होते: कोणीही कोणालाही सारख्याच शक्यतेने भेटणार. खरा प्लेग तर उंदीर आणि पिसवा यांच्या वाटांनी चाळींत शिरत होता. आकडे जुळले म्हणजे कारण सापडले असे नव्हे.

आजची काही प्रतिमाने माणसांना बिंदू मानतात आणि त्याच बिंदूंना वेगवेगळ्या थरांत जोडतात: घर, कामाची जागा, प्रवास. प्रत्येक थर सुटा घेतला, तर त्यात रोग विझून जाईल एवढी विरळ वीण असू शकते. थर एकत्र येताच तोच रोग टिकू शकतो. मग साथीचे कारण कोणत्या थरात, कोणत्या माणसात?

न्यायदर्शनातले वस्त्राचे उदाहरण इथे उपयोगी पडते. तंतू हे समवायी कारण, विणकर निमित्त कारण आणि तंतूंचा परस्परसंयोग हे असमवायी कारण. ही सारी सामग्री जुळली की कार्य घडते. ‘साथ कोणी आणली?’ असे विचारणारा समाज केवळ निमित्त शोधतो, आणि ते बहुधा परक्यात किंवा दुबळ्यात सापडते. माणसांच्या अशा जाळ्याचा अभ्यासक संयोगाकडे बोट दाखवतो. दृष्टांत अर्थात पुरता लागू पडत नाही, कारण धाग्याला भीती वाटत नाही.

ग्रानेल, गोमेझ आणि अरेनास या संशोधकांनी 2013 मध्ये भीतीचा, म्हणजे रोगाच्या जाणिवेचा, वेगळाच थर मांडला. वरच्या थरात बातमी पसरते, खालच्या थरात रोग. सावध झालेल्याला लागण कमी होते. बातमीचा प्रसार विशिष्ट मर्यादेपलीकडे गेला की साथ केव्हा उसळेल हे बातमीच्या जाळ्याच्या रचनेवरही ठरते. म्हणजे रुग्णाच्या जवळपासही न फिरकलेला, फक्त खबर देणारा किंवा दडवणारा माणूसही कारणसामग्रीत मोडतो. त्याचा वाटा त्याच्या हेतूइतकाच त्याच्या जागेवर अवलंबून: तेच मौन एकाकी माणसाचे असले तर निरुपद्रवी, शेकडो दुवे असलेल्याचे असले तर घातक.

दोष मात्र जागेला देता येत नाही. प्रतिमानात सावध होणे ही निव्वळ एक संभाव्यता असते. ऐकूनही दुर्लक्ष करणारा आणि ज्याला घरी बसणे परवडतच नाही असा मजूर, दोघांसाठी तिथे एकच आकडा वापरला जाऊ शकतो.