निकाल लागल्यावर

धामणगाव रेल्वेच्या फलाटावर एखादा रिकामा बाक बघा आणि बसा. गाडीला वेळ आहे. मोबाईल खिशातच राहू द्या. हे मुंबई-हावडा मार्गावरचं स्टेशन, त्यामुळे अधूनमधून एखादी मालगाडी न थांबता धडधडत निघून जाईल. तिचे डबे मोजू नका. ती गेल्यावर जी शांतता पसरते, तिच्यात एकच शब्द मनात धरायचा आहे : निकाल.

जरा घोळवा हा शब्द. दहावीचा निकाल, निवडणुकीचा निकाल, कोर्टाचा निकाल. ‘निकाल लावला’ म्हटलं की आपल्याकडे विषय संपतो, कधी कधी माणूसही संपतो. भाषेनं या शब्दाच्या पोटात शेवट ठेवून दिला आहे.

आता समजा, बाकाच्या दुसऱ्या टोकाला एक काका येऊन टेकले. मांडीवर प्लास्टिकची पिशवी, पिशवीत कागद. जमीन सरकारी कामात गेली, मोबदला कमी आला, म्हणून कोर्टात गेले आणि जिंकले. तुम्ही विचारता, मग आता कुठं निघाले? ते म्हणतात, “निकाल त लागला बाप्पा, पैसे काई भेटले नाई. आता दरखास्त टाकली.”

त्यांना लगेच काही सांगू नका. त्या ‘दरखास्त’पाशी थोडं थांबा. जिंकलेला निकाल अमलात यावा म्हणून करायचा नवा अर्ज. म्हणजे पुन्हा वकील, पुन्हा तारीख. हिंदुस्थानात पक्षकाराच्या अडचणी हुकूमनामा हातात पडल्यावरच सुरू होतात, अशा अर्थाचं प्रिव्ही कौन्सिलनं 1872 सालीच लिहून ठेवलं आहे. पैशाचा असा हुकूमनामा कायद्यानं 12 वर्षं जिवंत राहतो. बरोबर एक तप. तेवढ्यात दरखास्त टाकली नाही, तर जिंकलेला माणूसही हात हलवत घरी.

आणि हरलेला पक्ष सरकार असेल तर? दिवाणी प्रक्रिया संहितेचं कलम 82 सांगतं, सरकारला तीन महिने द्या, तरी नाही दिलं तर मग जप्ती. ते दृश्य डोळ्यांसमोर आणा, आपण पेपरात वाचलेलं असतं. बेलिफ कार्यालयात शिरतो. कारकून उभे राहतात. साहेबांची खुर्ची उचलून बाहेर येते. त्या खुर्चीची किंमत किती? काकांच्या रकमेपुढं काहीच नाही. शिवाय बेलिफचा पगार सरकारच्याच तिजोरीतून. सरकारनं सरकारची खुर्ची सरकारच्या दारातून बाहेर काढली, एवढंच झालं. तरी ती रिकामी जागा क्षणभर पाहा. शासनाची मानगूट धरता येत नाही, म्हणून कायदा तिथं लाजेला हात घालतो.

पुढची मालगाडी जाऊ द्या.

आता थोडं दूर जायचं आहे, नेदरलँड्समधल्या हेग शहरापर्यंत. तिथल्या आंतरराष्ट्रीय न्यायालयासमोर दोन्ही बाजूंना देशच असतात, आणि दिमतीला एकही बेलिफ नाही. 8 मे 2017 रोजी भारत तिथं गेला तो एका मराठी माणसासाठी. पाकिस्तानच्या लष्करी न्यायालयानं कुलभूषण जाधवांना फाशी सुनावली होती. भारताचं म्हणणं, ते व्यापार करणारे निवृत्त नौदल अधिकारी. पाकिस्तानचं म्हणणं, हेर. खरं काय ते आपण या बाकावरून ठरवणार नाही. हेगपुढचा प्रश्न त्याहून साधा होता : परमुलखात पकडलेल्या माणसाला आपल्या वकिलातीच्या अधिकाऱ्यांना भेटू द्यायचं की नाही? भारताकडून उभे राहिले हरीश साळवे, नागपुरात वाढलेले, एक रुपया फी घेऊन.

17 जुलै 2019 ला निकाल लागला. 15 विरुद्ध 1. पाकिस्ताननं व्हिएन्ना करारातलं 36वं कलम मोडलं. भेट द्या, शिक्षेचा परिणामकारक फेरविचार करा, तोवर फाशी नाही. शिक्षा रद्द करून सुटका करा, ही भारताची मागणी मात्र न्यायालयानं मानली नाही. आपल्याकडे त्या संध्याकाळी पेढे वाटले गेले ते याच निकालाचे.

मग त्याची दरखास्त कुठं टाकायची? संयुक्त राष्ट्रांच्या सनदेचं 94वं कलम म्हणतं, सुरक्षा परिषदेकडे जा. तिथं पाच देशांच्या हाती नकाराधिकार. 1986 मध्ये निकाराग्वा अमेरिकेविरुद्ध जिंकला आणि त्याच दारात अमेरिकेच्या नकाराधिकारानं अडला. मेक्सिको 2004 मध्ये याच 36व्या कलमावर अमेरिकेविरुद्ध जिंकला. होसे मेडेयिन हा त्या खटल्यातल्या कैद्यांपैकी एक. अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं ठरवलं की हेगचा निकाल टेक्सासवर आपोआप बंधनकारक होत नाही, आणि ऑगस्ट 2008 मध्ये टेक्सासनं त्याला मृत्युदंड दिला. निकाल अजूनही पुस्तकात आहे.

इथं राग येईल. येऊ द्या. पण त्याच रागानं इस्लामाबादकडे पाहताना थोडं बारकाईनं पाहा. 2 सप्टेंबर 2019 ला भारतीय अधिकाऱ्याची जाधवांशी भेट झाली. जुलै 2020 मध्ये दुसरी झाली, तेव्हा मोकळेपणानं बोलूच दिलं नाही म्हणत भारतीय अधिकारी निघून आले. फेरविचारासाठी आधी अध्यादेश आला, नोव्हेंबर 2021 मध्ये कायदा झाला. भारत म्हणतो, त्यातही खोट आहे. फाशी थांबली, सुटका नाही. देश निकाल मोडतो तेव्हा नेहमीच तो फाडून टाकत नाही. तो कसर ठेवून पाळतो. आपल्या ऑफिसात ‘कार्यवाही सुरू आहे’ असा शेरा मारतात, अगदी तसा.

त्याच्याही मागं, 25 डिसेंबर 2017 वर जा. जाधवांची आई आणि पत्नी त्यांना इस्लामाबादेत भेटायला गेल्या होत्या. मधे काच. आपल्या परराष्ट्र मंत्रालयानं नंतर सांगितलं की मंगळसूत्र, बांगड्या, टिकली काढायला लावली, आणि आईला मातृभाषेत बोलताना पुन्हा पुन्हा अडवलं. मातृभाषा म्हणजे मराठी. सगळी कलमं बाजूला ठेवा आणि इथंच बसून राहा. काचेपलीकडे मुलगा, आणि त्याला जेवलास का, हे आपल्या बोलीत विचारता येत नाही. हेगच्या निकालात ‘भेट’ हा शब्द आला तेव्हा त्यात हे किती मावलं असेल?

युरोपात जरा वेगळी सोय आहे. स्ट्रासबर्गच्या मानवी हक्क न्यायालयाच्या निकालांवर तिथली मंत्रिसमिती नजर ठेवते. त्यासाठी ती वर्षातून चारदा बसते आणि हरलेल्या देशाला विचारते, काय केलंत? ब्रिटनमधल्या कैद्यांच्या मतदानाच्या हक्काबद्दलचा निकाल 2005 चा. ती फाईल बंद झाली 2018 मध्ये. तेही ब्रिटननं अगदी थोडकं करून. तेरा वर्षं एक देश तारखेला उभा होता, ही कल्पना मला तरी सुखावते. आशिया खंडाला असं न्यायालयच नाही. काकांच्या पिशवीतले कागद जास्तीत जास्त दिल्लीपर्यंत जातील.

आता पुन्हा बाकावर या. काका कागद काढून पुन्हा नीट घड्या घालताहेत. वरचा कागद सगळ्यात मळका, तो निकालाचा. खालचा नवा, त्यावर पुढची तारीख. वकिलानं निळ्या पेनानं तिच्याभोवती गोल केला आहे. घोषणा होते. ते उठतात, पिशवीला दोन गाठी मारतात, आणि तुम्हाला विचारतात, “अमरावतीची गाडी याच फलाटावर लागते ना?”