आवाज वाढवताना

अ‍ॅम्प्लिफायरचं काम एका वाक्यात सांगता येतं: आत आलेला बारीक सिग्नल मोठा करून बाहेर द्यायचा आणि त्यात पदरचं काही घालायचं नाही. पहिला अर्धा भाग यंत्राचा. दुसरा मात्र ते बनवणाऱ्याच्या गळ्यात पडतो. कारण पदरचं घातलेलं कधीकधी ऐकायला फार छान लागतं. मग का घालायचं नाही?

माझा अ‍ॅम्प्लिफायर साधा आहे. त्यापेक्षा कमी खर्चात तयार ब्लूटूथ स्पीकर मिळतो, हे आधीच सांगून टाकतो. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडवर सगळं सामान एका पिशवीत मिळतं: टीडीए-२०३०ए नावाच्या पाच पायांच्या दोन चिप, १२-०-१२ चा ट्रान्सफॉर्मर, ब्रिज रेक्टिफायर, दोन मोठे कपॅसिटर, हीटसिंक आणि मूठभर रेझिस्टर. चिपच्या पाठीचा पत्रा आतून निगेटिव्ह सप्लायला जोडलेला असतो, म्हणून ती हीटसिंकवर बसवताना मध्ये अभ्रकाची चकती घालायची. अर्थिंगच्या सगळ्या वायरी एकाच बिंदूला आणायच्या, नाहीतर गाण्याच्या मागे घुंऽऽ सुरू होतं. दोन रविवारांचं काम.

या सगळ्यात मला दोन रेझिस्टरांचं कौतुक आहे. एक २२ किलोओहमचा, दुसरा ६८० ओहमचा. चिप मोकळी सोडली तर सिग्नल हजारो पटींनी वाढवते, पण वाढवताना त्याला वेडावाकडाही करते. हे दोन रेझिस्टर तिच्या आउटपुटचा छोटासा हिस्सा परत तिच्याच समोर आणून ठेवतात. आत काय आलं होतं आणि आपण काय बाहेर दिलं, हे चिप सतत ताडून बघते आणि स्वतःला सावरते. या जोडीमुळे वाढ उरते सुमारे ३३ पट. बाकीची ताकद खरं बोलण्यावर खर्च होते. बेल लॅब्जमधल्या हॅरल्ड ब्लॅकला ही कल्पना २ ऑगस्ट १९२७ ला कामावर जाताना हडसन नदीवरच्या फेरीबोटीत सुचली आणि हातातल्या वर्तमानपत्राच्या पानावर त्याने ती उतरवली. पेटंट मिळायला १९३७ उजाडलं. वाढवण्यासाठीच बनवलेल्या यंत्राने आपली वाढ मुद्दाम सोडून द्यायची, हे पटायला वेळ लागणारच.

आता दुसरी बाजू. व्हॉल्व्हचे अ‍ॅम्प्लिफायर बनवणारे हौशी लोक आजही आहेत. एका व्हॉल्व्हवर चालणारा साधा अ‍ॅम्प्लिफायर प्रत्येक सुरात त्याच्या दुप्पट कंपनांचा सूर थोडासा मिसळतो. म्हणजे तुम्ही ‘सा’ दिलात, तर त्यासोबत तार ‘सा’ची हलकी सावली मिळते. हा दोषच, पण कानाला ऊबदार लागणारा. त्यांना ‘हे खोटं आहे’ म्हटलं तर ते हसतात आणि म्हणतात, तानपुऱ्याचं काय?

हा मुद्दा मला बरेच दिवस छळत होता. मिरजेचा कारागीर तानपुऱ्याची जवारी काढतो तेव्हा तो काय करतो? घोडीचा माथा असा घासतो की तार तिला हलकेच चाटून जावी. वादक मग तारेखाली सुताचा दोरा सरकवून तो झंकार नेमका जमवतो. तारेच्या स्वच्छ कंपनात ही मुद्दाम केलेली भेसळच आहे, आणि तिच्याशिवाय तानपुरा मुका वाटतो. मग तिथे कला आणि माझ्या डब्यात लबाडी, असं का?

माझ्या मते फरक भेसळीत नाही, हातात आहे. जवारी गाणाऱ्याच्या बाजूची आहे. गाणारीने ती ऐकून, पसंत करून तिच्यात आपला सूर लावलाय. मी तिच्यानंतर येतो. पोस्टमनला पत्रातलं अक्षर कितीही गचाळ वाटलं तरी त्याने ते सुवाच्य करून द्यायचं नसतं.

यावर कोणी म्हणेल, रेकॉर्डिंग तरी कुठे खरं असतं? बरोबर आहे. १९०२ मध्ये कोलकात्यात गौहर जानने फ्रेड गैसबर्गसमोर गायलं ते भोंग्यात तोंड घालून, आणि तीनेक मिनिटांत सगळा राग उरकून. मायक्रोफोन रेकॉर्डिंगमध्ये आला १९२५ च्या सुमारास. तेव्हा ‘मूळ आवाज’ माझ्यापर्यंत येतच नाही. पण त्याआधी चार जणांनी फेरफार केले म्हणून पाचव्याला परवाना मिळतो, हे मला पटत नाही.

हे सगळं मला फार सोपं वाटत होतं, आमच्या घरातली कॅसेट लावेपर्यंत. १९८७ साली मामाने आजीच्या ओव्या स्वयंपाकघरात टेप केल्या होत्या. आईने त्या कायम जुन्या टेपच्या बारक्या स्पीकरवर ऐकल्या होत्या. नव्या अ‍ॅम्प्लिफायरवर टेपची खरखर आली, मागचा रॉकेलचा स्टोव्ह आला आणि प्रत्येक ओळीच्या शेवटी आजीचा श्वास आला. तुटका, घाईचा. आई म्हणाली, “तिला तेव्हाच धाप लागत होती की रे. आम्हाला कळलंच नाही.” दोन वर्षांनी आजी हृदयविकाराने गेली होती.

माझ्या इमानदार डब्याने आईला हे दिलं. ते देणं चांगलं होतं का, याचं उत्तर दोन रेझिस्टरांत नाही. गोड आवाजात तिची आई तीसेक वर्षं ठणठणीत होती. तरीही मी आतलं सर्किट बदललं नाही. पुढच्या पॅनेलवर मात्र ट्रेबलचं एक बटण बसवलं. मधोमध ठेवलं की जसंच्या तसं, डावीकडे फिरवलं की खरखर आणि श्वास दोन्ही मागे जातात. आई कधी फिरवते, कधी नाही. बटण तिच्या हातात आहे आणि परत मध्यावर आणता येतं, एवढ्याने मला चालतं. मी आतच कायमचा गोडवा कोंबला असता, तर तिला निवड उरली नसती, आणि आपण काही निवडलंय हेही कळलं नसतं.

कॅसेटची डिजिटल प्रत केली तेव्हा मामेभावाने मोबाइलवरच्या एका अ‍ॅपमधून ती साफ करून पाठवली. त्यात स्टोव्ह नाही, खरखर नाही, श्वासही नाही. आजी स्टुडिओत बसल्यासारखी वाटते. सगळ्यांना तीच हवी होती. मी फॅमिली ग्रुपवर दोन्ही टाकल्या, आणि साफ केलेल्या फाइलच्या नावात लिहिलं: ‘स्टोव्ह आणि श्वास काढून’.