हँडल, सेल्फ आणि कुलूप

जुनं ते सोनं म्हणणारा भेटला की मी आधी विचारतो : हँडल कोण मारत होता?

फोर्डची मॉडेल टी घ्या. १९०८ ते १९२७ या काळात दीड कोटीच्या वर निघाल्या. वीस हॉर्सपॉवरचं इंजिन. पेट्रोलला पंप नाही. सीटखालच्या टाकीतून ते आपल्या वजनानं उतरायचं. टाकीत कमी असलं आणि मोठा चढ आला, तर लोक गाडी उलटी फिरवून रिव्हर्समध्ये वर न्यायचे. चालू करायला पुढं उभं राहून हँडल मारायचं. आधी ठिणगीचा दांडा नीट मागं घेतला नसला तर हँडल उलट झटका द्यायचं. मनगट खलास. सेल्फ मिळू लागला तो १९१९ पासून.

पण ती गाडी उघडी होती, हे मानावंच लागतं. शेतकरी पाना घेऊन बसला तर खोलून परत जोडायचा. मागचं चाक उचलून पट्टा लावला की तीच गाडी करवत चालवायची.

आजची गाडी बटणावर चालू होते. एअरबॅग आहे, एबीएस आहे, हाडं शाबूत राहतात. याला मी नाकं मुरडणार नाही. ज्याचं पोट हातावर, त्याला हाताची किंमत ठाऊक असते. पण बॉनेट उघडा : वर प्लॅस्टिकचं झाकण, आत कंप्युटर. दिवा लागला तर बिघाड कळायला स्कॅनर पाहिजे, काही कामांना तर कंपनीचंच सॉफ्टवेअर. गाडी तुमच्या नावावर, तिची विद्या दुसऱ्याच्या कुलपात. ही तऱ्हा आपल्याला नवी नाही म्हणा.

मग जुनीच बरी? थांबा. ती उघडी होती घेणाऱ्याला. बनवणाऱ्याला नाही. १९१३ साली हायलंड पार्कच्या कारखान्यात फिरती लाईन आली. चॅसिस जोडायला साडेबारा तास लागायचे, ते ९३ मिनिटांवर आलं. एकानं बोल्ट घालायचा, दुसऱ्यानं नट, तिसऱ्यानं नुसतं आवळायचं. अख्खी गाडी कुणाच्याच हातात नाही. माणसं टिकेनात, तेव्हा १९१४ मध्ये दिवसाला पाच डॉलर आणि आठ तास जाहीर झाले. त्या पाच डॉलरसाठी कंपनीची माणसं घरी येऊन बघायची : दारू पितो का, घर कसं ठेवतो.

मी सूतगिरणीत रिंगफ्रेमवर उभा असतो, तुटला धागा जोडतो. माझा राग मशीनवर नाही. बाबासाहेबांनी १९४५ च्या पुस्तकात गांधीवादाला उत्तर देताना यंत्राची बाजू घेतली, दोष समाजाच्या रचनेचा म्हटलं. कुलूपही यंत्राला आपोआप फुटत नाही. कुणीतरी ते घालतो, म्हणून ते काढायला लावता येतं. २०१२ साली अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्समध्ये लोकांनी मतदानातून ठरवलं : दुरुस्तीची माहिती बाहेरच्या गॅरेजवाल्यालाही द्या. मग माहिती गाडीतून वायरलेसनं थेट कंपनीकडं जाऊ लागली. २०२० ला त्यावर पुन्हा मतदान, पुन्हा लोक जिंकले. महिना उलटायच्या आत गाडी कंपन्यांची संघटना कोर्टात उभी.