नोंद कुणाच्या खात्यावर?

माझे थोरले बंधू, आमचे दादा, यांना तीन वर्षांपूर्वी पक्षाघाताचा झटका आला. उजवे अंग लुळे पडले, वाचाही गेली. समजायचे सगळे, पण 'पाणी' एवढा शब्द ओठांवर येईना. एके दिवशी मी औषधाचा चमचा पुढे केला, तर त्यांच्या तोंडून खणखणीत शिवी बाहेर पडली. दादांनी जन्मात कधी कुणाला अपशब्द बोललेला आम्ही ऐकला नव्हता. मी तडकून म्हणालो, "माझे नाव येत नाही, शिवी बरी येते!" दादांचे डोळे भरून आले. पुढे आठ दिवस मी त्यांच्या खोलीत पाऊल टाकले नाही.

वाचा-उपचार करणाऱ्या ताईंनी मला समजावले. मेंदूत कामांची वाटणी असते. बहुतेकांची वाचा मेंदूच्या डाव्या अर्ध्या भागाकडे असते. उजवे अंगही तोच हलवतो. विचार करून शब्द जुळवणे बंद पडले, तरी तोंडात बसलेले बोल, म्हणजे आकडे, प्रार्थना, शिव्या, पुष्कळदा शाबूत राहतात.

हे जुनेच आहे. पॅरिसजवळच्या बिसेत्र रुग्णालयात लबोर्न नावाचा रुग्ण २१ वर्षे होता. काहीही विचारा, उत्तर 'तां तां'; फार चिडला की मात्र एक शिवी. १८६१ साली तो वारल्यावर डॉ. पॉल ब्रोका यांनी त्याचा मेंदू तपासला, तेव्हा डावीकडचा पुढचा भाग बिघडलेला दिसला.

मी बँकेत कारकुनी केली. रक्कम बरोबर पण खाते चुकले, तरी तेरीज जुळते आणि चूक लपून राहते. मी तेच केले होते. दादांच्या आजाराची नोंद त्यांच्या स्वभावाच्या नावे टाकली होती.

मग सगळे मेंदूच करतो, तर दोष कुणाचाच नाही का? मला तसे वाटत नाही. दादांना शब्द निवडता येत नव्हता, मला येत होता. माझा मेंदू धडधाकट होता आणि लागेल असाच शब्द मी निवडला. ती नोंद माझ्याच खात्यावर.

त्या संध्याकाळी दादांजवळ बसून क्षमा मागितली आणि दत्ताची आरती सुरू केली. दुसऱ्या ओळीला त्यांचा आवाज मिसळला, शब्दन्‌शब्द स्पष्ट.

माझे नाव त्यांना अजून आलेले नाही. आरतीला मात्र आम्ही दोघे रोज असतो.