चारित्र्याचा दाखला

अमेरिकेतील मॉन्टगोमेरीच्या रोझा पार्क्स तुम्ही ऐकल्या असतील. १ डिसेंबर १९५५ रोजी त्यांनी बसमधील जागा गोऱ्या उतारूला दिली नाही; त्यांना अटक झाली आणि काळ्या जनतेने ३८१ दिवस बसवर बहिष्कार टाकला. पण त्याच शहरात त्याच वर्षी २ मार्चला क्लॉडेट कोल्विन या १५ वर्षांच्या शाळकरी मुलीने हेच केले होते. पोलिसांनी तिला ओढून बसखाली उतरवले. मग तिच्यासाठी शहर का उठले नाही?

पोर कोवळी, घर गरीब. पुढे तर ती लग्नाविना गरोदर राहिली. शत्रू नेमके तिथेच बोट ठेवील, असा पुढाऱ्यांचा हिशेब. तो खुळा नव्हता, हे मान्य केले पाहिजे. पण तुम्हीच सांगा, जागेवरून उठवताना ड्रायव्हर कुणाचे चारित्र्य पाहत होता काय? अपमान सरसकट, आणि प्रतिकाराला मात्र दाखला!

ज्या खटल्याने बसमधला हा वर्णभेद कायद्याने मोडला, त्यात फिर्यादी चार स्त्रिया होत्या. त्यांत क्लॉडेट होती. तिने कोर्टात साक्षही दिली. १३ नोव्हेंबर १९५६ रोजी सुप्रीम कोर्टाने तो निकाल कायम केला. क्लॉडेटच्या नावावरची गुन्ह्याची नोंद मात्र २०२१ साली पुसली गेली. तेव्हा त्या ८२ वर्षांच्या होत्या.