जमिनीला विचारून

पंक्चरच्या दुकानात गाडी उभी केली की एकच प्रश्न येतो : "किती मारू?" उत्तरही ठरलेलं. पुढं 25, मागं 30. डबलसीट असेल तर मागं अजून थोडी. हे पाउंड कंपनीनं सडकेसाठी ठरवलेत, आणि मराठवाड्यातल्या येडशीवरून जाणाऱ्या सोलापूर-धुळे चौपदरीवर ते अगदी बरोबर आहेत. पण हीच येडशी बालाघाटाच्या कुशीत आहे. डांबर सोडून थोडं आत वळलं की मुरूम लागतो, ओढ्यातले गोटे लागतात, पायऱ्या-पायऱ्यांनी फुटलेला काळा कातळ लागतो. तिथं 30 पाउंडांचं चाक दगडावर आपटतं, उडतं आणि जिकडं पडेल तिकडं जातं.

मोटारसायकलींचा एक खेळ अशाच जमिनीसाठी आहे, ट्रायल नावाचा. आपल्याकडं तो फारसा रुजला नाही. त्यात वेगाला किंमत नाही. धोंड्यांतून, ओढ्यातून, चढावरून आखलेल्या चिंचोळ्या वाटेनं जायचं आणि पाय जमिनीला लावायचा नाही. एकदा टेकला तर 1 गुण, दोनदा टेकला तर 2, त्याहून जास्त वेळा 3. पडलात किंवा वाट सोडलीत तर 5. ज्याचे गुण कमी, तो जिंकला. स्कॉटलंडमधली सहा दिवसांची ट्रायल शंभर वर्षांहून जुनी आहे. 1965 साली सॅमी मिलरनं हलकी बुल्टाको गाडी घेऊन ती जिंकली, आणि जडशीळ फोर-स्ट्रोक गाड्यांचे दिवस तिथून फिरले. आजची ट्रायलची गाडी 70 किलोंच्या आसपास असते. सीट जवळजवळ नसतेच, कारण बसायचंच नसतं. आणि मागच्या टायरमध्ये हवा किती? 4 ते 5 पाउंड. पुढच्यात 6-7. एवढीच हवा उरलेल्या टायरला आपण पंक्चर म्हणतो.

हिशेब साधा भागाकाराचा आहे. मागच्या चाकावर गाडी आणि स्वार मिळून 80 किलो भार धरू. 30 पाउंड म्हणजे चौरस सेंटिमीटरला साधारण 2.1 किलो. भागून पाहिलं तर टायर जमिनीला टेकतो 38 चौरस सेंटिमीटर, म्हणजे दोन काडेपेट्यांएवढा. तोच भार 5 पाउंडांवर ठेवला तर 228. टायरच्या कडाही थोडा भार उचलतात, त्यामुळं प्रत्यक्षात जागा याहून कमी भरेल. पण फरक कुठल्या दिशेनं आणि किती मोठा, ते कळायला एवढं पुरे. शिवाय मऊ रबर नुसतं टेकत नाही. दगडाच्या कंगोऱ्यावर बसतं, त्याच्याभोवती वळतं. नवख्याला हे पटायला वेळ लागतो. टायर मऊ झाला की गाडी खालून डुलते, आणि डुलणं म्हणजे घसरणंच असं त्याला वाटतं. मग तो हवा वाढवतो, आणि खरोखरच घसरतो.

इथं येडशीच्या रुळांची आठवण निघणं साहजिक आहे. बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी इथून लातूरला जायची. तिचा कर्ताधर्ता एव्हरार्ड कॅलथ्रॉप. 1897 साली कुर्डुवाडी ते बार्शी ही अडीच फुटी लाइन सुरू झाली, पुढं 1911 मध्ये ती लातूरला पोचली. त्या काळी रेल्वे म्हटलं की आधी दमदार इंजिन, आणि ते पेलतील असे रूळ. कॅलथ्रॉपनं उलटीकडून सुरुवात केली. रूळ घेतला हलका, यार्डाला 30 पाउंडांचा, म्हणजे खर्च कमी. त्या रुळाला झेपेल असा भार ठरवला : एका आसाला 5 टन. मग इंजिन असो, डबा असो, मालाची वाघीण असो, 5 टनांच्या वर कुणी जायचं नाही. इंजिन जड हवं असेल तर त्याला आस वाढवा. भार पसरवा, एका ठिकाणी टोचू देऊ नका. (याच माणसानं पुढं वैमानिकांसाठी पॅराशूट केलं. तोही वजन आणि पडणं यांचाच हिशेब.) आता तिथं ब्रॉडगेज आहे आणि ती छोटी गाडी आठवणारी माणसंही कमी होत चालली आहेत, पण मला त्या 5 टनांचं फार कौतुक वाटतं. गाडी कशी हवी हे त्यानं आधी रुळाला विचारलं.

ट्रायलवाला हवा ठरवतो तीही अशीच, खालून वर. त्याच्या हातात कंपनीचा आकडा असतो, पण तो फक्त सुरुवातीपुरता. 5 वर ठेवून ठसठशीत कडेच्या एका दगडावरून गाडी हळूच न्यायची. मग अर्धा पाउंड सोडायचा, पुन्हा न्यायची. असं करत एका क्षणी खालून कोरडा 'टक्' ऐकू येतो. टायर पूर्ण दबून रिम दगडाला लागली. तिथून पाव-अर्धा पाउंड वर आलं की त्या दिवसाची, त्या जमिनीची, त्या वजनाच्या माणसाची हवा सापडली. म्हणजे योग्य आकडा सुरक्षित मधोमध नसतो. नुकसानीच्या अगदी अलीकडं असतो. मला यातली हीच गोष्ट विचार करण्यासारखी वाटते. आपली सवय दोन्ही बाजूंना भरपूर अंतर ठेवून चालण्याची, आणि मधे उभं राहिलं की शहाणपण झालं असं समजण्याची. मधे पकड मिळते की नाही, हे तपासायला आपण कधी जात नाही.

अर्थात ही कमी हवा कुठल्याही टायरला मानवत नाही. ट्यूबचा टायर एवढा सैल ठेवला तर तो रिमवर सरकतो, ट्यूब ओढली जाते आणि व्हॉल्व्ह मुळातून उपटून निघतो. म्हणून ट्रायलचा मागचा टायर ट्यूबलेस आणि मऊ कडांचा असतो. पुढच्यात बहुधा ट्यूब असते, आणि दगडावर पहिला मार पुढचं चाक खातं. त्याला थोडी जास्त हवा. आडव्या उतारावर फार मऊ टायर कुशीवर कलंडतो. चिखलात काहीजण उलट थोडी वाढवतात, म्हणजे टायरच्या गुट्ट्या खाली रुततात आणि स्वतःला साफही करतात. माणूस वजनदार असेल तर आणखी थोडी.

मराठवाड्यात यात ऊनही धरावं लागतं. सकाळी 20 अंशांत मागच्या टायरमध्ये 5 पाउंड मोजून भरले आणि दुपारी टायर 40 अंशांवर गेला, तर आतला दाब सव्वा पाउंडानं वाढतो. 30 पाउंडांच्या टायरमध्ये याच उन्हात तीनेक पाउंड वाढतात, ते दहाव्या हिश्शाएवढेच. इथं चौथा हिस्सा वाढला. सकाळी जमलेला चढ दुपारी का जमत नाही, याचं कारण पुष्कळदा हातात नसतं, टायरात असतं. आणि हे मोजायला दुकानातलं गेज कामाचं नाही. शंभर पाउंडांपर्यंतच्या काट्याला 4 आणि 6 यांतला फरक दिसत नाही. 15 पाउंडांपर्यंतचंच वेगळं गेज लागतं.

एक गोष्ट सांगायलाच हवी. येडशीचा सगळ्यात सुंदर खडक रामलिंगाच्या घळीत आहे, आणि ती घळ 1997 पासून अभयारण्यात आहे. तिथं चाक घालायचं नाही, कितीही मऊ असलं तरी. सरावाला पडीक माळ पुष्कळ आहे, मालकाला विचारून.

ट्रायलची गाडी रानात कुणी आणो न आणो, ट्रॅक्टर रोज येतो. त्याच्या मागच्या टायरला सडकेवर वेगळी हवा लागते आणि नांगराला वेगळी. शेतात ती उतरवली तर चाक जागच्या जागी कमी फिरतं, डिझेल वाचतं, काळी जमीन खाली कमी दाबली जाते. पुष्कळ शेतकऱ्यांना हे ठाऊकही आहे. पण सकाळी नांगर आणि संध्याकाळी उसाची ट्रॉली असेल तर हवा उतरवायची कधी आणि परत भरायची कुठं? कंप्रेसर फाट्यावर, रान आत. म्हणून टायर वर्षभर सडकेच्याच आकड्यावर राहतो.